मराठीसाठी लाल रेघ

ट्यूबलाइट गेली आणि आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मी कॉम्प्युटरवरून मान वर केली. दादा दारातल्या बटणाशी उभा होता. आमच्या घरात कुणाला हाक मारायची ही त्याची पद्धत. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही हातांचंच. ते बोलणं घरात फक्त मला पुरतं कळायचं. आईवडील खुणांवर भागवायचे. म्हणून इथं त्याचं जे बोलणं लिहिते आहे, ते त्याच्या हातांचं, माझ्या शब्दांत.

"ती लाल रेघ," तो म्हणाला. "तू इंग्रजी लिहितेस आणि चुकलीस की खाली येते ती. मला हवी. मराठीसाठी."

मला हसू आलं. "कशाला?"

"लिहायला."

"काय लिहिणारेस?"

त्यानं खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला.

दादाचं नाव विद्याधर तोडकर. कराडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, घराच्याच खालच्या गाळ्यात त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. मिक्सर चालू करायचा, वर तळहात ठेवायचा आणि बिघाड कुठं आहे ते सांगायचं, अशी त्याची रीत. गिऱ्हाईक तक्रार सांगत असायचं तेव्हा हा त्याच्या तोंडाकडे बघायचा, पण विश्वास हातावर. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होते. त्याची पत्रं, त्याचे अर्ज, सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांना जाणाऱ्या त्याच्या मेल, सगळं मीच लिहायचे. तो मुद्दा सांगायचा, वाक्यं माझी असायची. त्याचं मेलचं खातंही मीच उघडून दिलेलं. मी शाळेत असल्यापासून त्याच्याबरोबर दवाखान्यात मी जायचे, बँकेत मी. त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही, त्यालाही नाही आणि मलाही नाही. निदान तेव्हा मी तसं धरून चालले होते.

त्याच आठवड्यात आम्ही पाटणकडच्या एका गावाला मुलगी बघून आलो होतो. मुलीचं नाव स्वप्नाली. उंच, सावळी, हाताची बोटं लांब. गावातल्याच कॉम्प्युटर सेंटरवर कामाला होती. आई लहानपणीच गेलेली. वडिलांना तिला लवकर उजवायचं होतं आणि आमच्या घरची त्यांना काही माहिती नव्हती असं नाही. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या बापूकाकांनी, सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं. ऐकू येत नाही, पण माणूस सोन्यासारखा आहे, हाताला काम आहे, व्यसन नाही.

आईचा हट्ट होता की सून ऐकू येणारीच हवी. "दोघंही तसलेच असले तर दारावरची बेल कोण ऐकणार? रात्री मूल रडलं तर?" असं ती म्हणायची. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "आमच्यामागं त्याचं कोण, एवढाच विचार आहे." त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी वाद घातला नाही.

बघण्याच्या वेळी मध्ये बसले होते मी. ती पोहे घेऊन आली, समोर बसली. दादानं तिच्याकडे नीट पाहिलं. लोक बोलत असतात तेव्हा तो तोंडाकडे बघतो, पण तिच्या बाबतीत तो डोळ्यांकडे बघत होता.

"विचार," तो मला म्हणाला. "तिला मी चालेन का?"

मी विचारलं. तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि मान हलवली. मी दादाला सांगितलं, "हो म्हणते."

"परत विचार."

मी परत विचारलं. बापूकाका हसून म्हणाले, "अहो, एकदा हो म्हटलं की पोरगी लाजणारच." तिनं परत मान हलवली. मी परत सांगितलं, "हो."

दादानं मग काही विचारलं नाही. पोहे मात्र सगळे खाल्ले.

तर त्या संध्याकाळी ती लाल रेघ. ब्राउझरला मराठीचा शब्दकोश वेगळा जोडावा लागतो, हे मला ऐकून माहीत होतं. केलेलं कधी नव्हतं. शोधला, सापडला, उतरवून घेतला. आमचं इंटरनेट तेव्हा बैलगाडीच्या चालीनं चालायचं. तोवर दादा कीबोर्डवरचे देवनागरी स्टिकर बोटांनी दाबून बसवत होता. त्यातले दोन उखडले होते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सोपी पद्धत इतरांसारखी त्याला जमायची नाही, कारण ती सगळी उच्चारावर चालते आणि उच्चार त्यानं कधी ऐकलेलाच नाही. त्याला प्रत्येक शब्द चित्रासारखा पाठ करावा लागलेला. म्हणून त्याच्या चुकाही आपल्यासारख्या नसायच्या. आपण ह्रस्वदीर्घ चुकतो, 'न' आणि 'ण' चुकतो. तो दिसायला सारखी असलेली अक्षरं चुकायचा. 'भ'चा 'म' व्हायचा, 'घ'चा 'ध' व्हायचा. त्यानं लिहिलेलं वाचून लोकांना वाटायचं, हा माणूस डोक्यानं कमी आहे. एका व्यापाऱ्यानं त्याच्यासमोरच मला तसं विचारलं होतं. मी ते दादाला सांगितलं नव्हतं, पण त्याला तोंडं वाचता येतात.

शब्दकोश जोडून झाला. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. मेलची रिकामी चौकट उघडली आणि दादाला म्हटलं, "लिही काहीतरी."

त्यानं लिहिलं, 'आज पाऊस नाही.' तिन्ही शब्दांखाली लाल नागमोडी रेघ.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा झाला होता की मला घाईनं म्हणावं लागलं, "तुझं चुकलं नाही. त्याला अजून वाटतंय की तू इंग्रजी लिहितोयस." चौकटीत माऊसचं उजवं बटण दाबलं. यादीत भाषा होत्या. इंग्रजीवरची खूण काढून मराठीवर केली. रेघा एकदम नाहीशा झाल्या. कोरं, स्वच्छ वाक्य समोर राहिलं.

दादा पुढे सरकला. आता खेळच सुरू झाला. त्यानं मोटारीतलं 'आर्मेचर' लिहिलं, लाल. 'तोडकर' लिहिलं, लाल. स्वतःचं आडनाव लाल झालेलं पाहून त्याला मजा वाटली. मी त्याला दाखवलं, शब्दावर उजवं बटण दाबलं की सुचवलेले शब्द येतात, आणि शब्द बरोबरच असेल तर तो शब्दकोशात जोडायचीही सोय आहे. त्यानं तोडकर जोडून टाकलं. मग माझं नाव लिहिलं, 'उज्वला'. लाल.

"यात काय चुकलं?"

"दोन ज असतात. सगळेच चुकतात."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"चालतं म्हणून."

त्यानं ते खोडून पुन्हा लिहिलं, दोन 'ज' घालून. थोडा वेळ त्याकडे बघत राहिला. मग काहीतरी आठवल्यासारखं 'मी धरी आहे' असं लिहिलं. 'धरी'खाली रेघ आली. त्यानं घरी केलं. मग नुसतं 'धर' लिहिलं. रेघ आली नाही.

"हे चुकलेलं नाही?"

"धर असाही शब्द आहे. हात धर, दोरी धर. तुला घर म्हणायचंय हे त्याला कसं कळणार?"

"म्हणजे त्याला मला काय म्हणायचंय ते कळत नाही."

"नाही."

"आणि वाक्य? वाक्य बरोबर आहे का ते बघतं?"

"नाही. ते फक्त शब्द बघतं."

मला वाटलं, त्याची निराशा होईल. वाक्यांमध्येच तर त्याची खरी अडचण होती. हातांच्या बोलण्याची ठेवण वेगळी, मराठी वाक्याची वेगळी. त्याची वाक्यं तुटक व्हायची, प्रत्यय गळायचे. पण तो निराश झाला नाही. उलट मान डोलावून म्हणाला, "चांगलं. शब्द त्यानं बघावेत. वाक्य माझं राहू दे."

"मी बघून देते की वाक्य. नेहमी देतेच."

"माहीत आहे," तो म्हणाला. मग हसून दाराकडे बोट केलं. "आता तू जा. चहा कर."

मी गेले. चहा घेऊन आले तेव्हा त्यानं चौकट बंद केलेली होती.

पुढचे काही दिवस तो दुपारी दुकान अर्धं ओढून वर यायचा, असं आई सांगायची. मी तेव्हा ऑफिसात असायचे. "काय टकटक करत बसतो कुणास ठाऊक," आई म्हणायची, पण तिला बरं वाटत होतं. लग्न ठरायला आलंय, पोरगा खुशीत आहे, असा तिचा समज. एकदा पुण्याच्या व्यापाऱ्याची मेल आली का बघायला म्हणून मी दादाचं खातं उघडायला गेले, तर उघडेना. त्यानं पासवर्ड बदलला होता. मी त्याला विचारलं. त्यानं छातीवर हात ठेवला, "माझं," आणि व्यापाऱ्याची मेल स्वतःच उघडून दाखवली. मला थोडं लागलं. पण म्हटलं, लग्न होणाराय, असंच व्हायला हवं.

त्या रविवारी बापूकाका सुपारीचा दिवस ठरवायला आले. वडील, आई, आम्ही सगळे पुढच्या खोलीत. बापूकाकांनी पंचांग उघडलं तसं दादानं टेबलावर बोटं वाजवली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघून बोलला, म्हणजे मी सगळ्यांना सांगावं म्हणून.

"मला मुलगी पसंत नाही."

मी विचारलं, "काय?"

"सांग त्यांना."

मी सांगितलं. आईचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "का म्हणून? विचार त्याला."

"उंच आहे," दादा म्हणाला. "माझ्याहून उंच. बरं दिसत नाही."

मी ते वाक्य मोठ्यानं म्हटलं तेव्हा मलाच लाज वाटली. बापूकाकांनी पंचांग मिटलं. "वडील म्हणून तुम्ही काही बोलणार आहात का?" त्यांनी वडिलांना विचारलं. वडिलांनी दादाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "नको म्हणतोय तो. संसार त्याला करायचाय." बापूकाका उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "ऐकू येत नाही ते येत नाही, वर माज आहे." तोंड दादाच्या बाजूला होतं. दादानं ते वाचलं आणि हात जोडून त्यांना निरोप दिला.

मुलीच्या घरी फोन मलाच करावा लागला. तिच्या वडिलांनी ऐकून घेतलं, "बरं, ताई," एवढंच म्हणाले. त्या 'बरं'नं मी दोन दिवस जेवले नाही. दादाशी तर महिनाभर नीट बोलले नाही. तो लाइट लावायचा, विझवायचा. मी वर बघायचे नाही. त्यानं एकदाही स्वतःची बाजू सांगायचा प्रयत्न केला नाही.

नंतर माझंच लग्न झालं, साताऱ्याला. दादासाठी आणखी दोन स्थळं आली, पण काही ना काही होऊन मोडली. मोडण्याचं कारण आता लोकांना आयतं सापडलं होतं, की मुलगा नखरे करतो. आई त्या उंचीचं कारण कुणाला सांगायची नाही. मनात मात्र ते कायम होतं.

लग्नानंतर तीन वर्षांनी मला मुलगी झाली. बाळंतपणाला कराडलाच आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईन बदलायला जी नर्स आली, तिनं माझ्या पायाशी लावलेला कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही विद्याधर तोडकरांच्या बहीण ना?"

मी ओळखलं. तीच लांब बोटं. तिला नाकारल्याचा फोन माझ्याच तोंडून गेला होता.

"बसू का थोडं?" तिनं विचारलं आणि खाटेच्या कडेला टेकली. "बरे आहेत ना ते? दुकान चालू आहे?"

"आहे," मी म्हटलं. आणि मग न राहवून, "स्वप्नाली, तेव्हा जे झालं ते, म्हणजे उंचीचं..."

ती हसली. "उंचीचं मीच सुचवलं होतं."

मला कळलंच नाही.

"तुम्हाला माहीत नाही?" तिचं हसू थांबलं. "मला वाटायचं, तुम्हीच लिहून देताय. नंतर वाटलं, तुम्ही लिहिलं असतंत तर वाक्यं तशी नसती."

मग तिनं सांगितलं. तिच्या बायोडाटावर कॉम्प्युटर सेंटरचा मेल होता. घरातला मोबाइल वडिलांच्या खिशात असायचा, पण मेल ती एकटीच उघडायची. बघून गेल्यावर चार-पाच दिवसांनी दादाची मेल आली.

"अजून पाठ आहे मला," ती म्हणाली. "'तू मान हलवली. मान हो. डोळे नाही. खरं काय? मी कोणाला सांगणार नाही.' एवढंच. आधी वाटलं, गावातलं कुणी थट्टा करतंय. तुटकं लिहिलेलं. पण एकही शब्द चुकलेला नव्हता. सेंटरवर मी रोज शिकलेल्या लोकांचे अर्ज बघायचे, कितीतरी चुका असायच्या. म्हटलं, या माणसानं हे जपून लिहिलंय. खोटं नसणार."

"आणि तू काय लिहिलंस?"

"दोन दिवस काही नाही. मग लिहिलं की मला नर्सिंगला जायचंय. फॉर्म भरलाय, घरी माहीत नाही. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही, तुमच्या जागी कुणी असतं तरी नकोच होतं." तिनं चादरीची कड सरळ केली. "त्यांनी विचारलं, नाही कोण म्हणणार, तू का मी? मी लिहिलं, मी म्हटलं तर वडील पुढच्याच महिन्यात दुसरीकडे देतील. त्यांनी लिहिलं, मग मी म्हणतो. कारण काय सांगू?"

"आणि तू म्हणालीस, उंची."

"दुसरं काय सांगणार होते? माझ्या अंगावर खोट येणार नाही असं तेवढंच होतं."

"गावात लोक बोलले असतील."

"बोलले. बहिऱ्यानं नाकारली म्हणाले. वडील इतके दुखावले की वर्षभर त्यांनी कुठं स्थळाचं नाव काढलं नाही. त्या वर्षातच मला प्रवेश मिळाला." ती उठली, सलाईनचे थेंब बघितले, नळीवरची चकती थोडी फिरवली. "नंतर एकदा मी त्यांना मेल केली होती, प्रवेश मिळाला म्हणून. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं, 'छान.' त्यानंतर नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा."

ती गेली आणि मी बाळाकडे तोंड करून पडून राहिले. आई डबा घेऊन आली, मी तिला काही सांगितलं नाही.

दादाचं पुढं चांगलं झालं, हेही सांगून टाकते. पुण्याच्या एका मेळाव्यात त्याला वंदना भेटली. तिलाही ऐकू येत नाही. आईनं थोडं हो-नाही केलं, पण त्या दोघांना चहाच्या कपावरून तासभर हातांनी भांडताना पाहिलं आणि गप्प बसली. आता त्यांचा मुलगा पाचवीत आहे आणि घरात सगळ्यात जास्त आवाज त्याचाच असतो. पण मी सांगते आहे ती गोष्ट त्याच्या आधीची. तेव्हा दादा एकटाच होता, आणि तो कायम एकटाच राहणार असं आम्ही सगळ्यांनी धरलेलं होतं.

घरी आल्यावर आठवड्यानं बाळ झोपलं असताना मी खाली दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो एका पंख्याचं बेअरिंग पुसत होता. मी त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"स्वप्नाली भेटली. दवाखान्यात नर्स आहे. तुला नमस्कार सांगितलाय."

त्यानं बेअरिंग खाली ठेवलं. चेहऱ्यावर आनंद पसरला, अगदी उघडा. "नर्स झाली?"

"झाली. तिनं सगळं सांगितलं मला."

तो फडक्याला हात पुसत राहिला.

"मला का नाही सांगितलंस? मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. आईच्या मनात अजून आहे ते."

"तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

"कुणाला सांगितलं नसतं."

"आईनं विचारल्यावर? बापूकाकांसमोर? माझं खोटं तुला तुझ्या तोंडानं खरं म्हणून सांगावं लागलं असतं." मग म्हणाला, "आणि दुसरंही आहे. जन्मभर माझं सगळं तू बोललीस. चांगलं बोललीस. पण हे विचारायचं होतं ते माझं मला विचारायचं होतं."

बाहेरून एसटीचा आवाज गेला. गाळ्याचं शटर थरथरलं. त्यानं बेअरिंग पुन्हा उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं.

मी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यानं वर बघितलं.

"ती तुला आवडली नव्हती, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो," मी म्हटलं. "आवडली होती?"

त्यानं बेअरिंग ठेवलं. हात नीट पुसले, दोन्ही बाजूंनी, जणू मळक्या हातांनी ते बोलायचं नव्हतं.

"खूप," तो म्हणाला. "म्हणून तर विचारलं."